थॉमसची वळकटी

“तुझ्या बापाला सांग, वळकटी त्याने टाकली, त्यानेच उचलायची.”

एवढं बोलून थॉमसने दाराची खालची फळी ओढून घेतली. वरची उघडीच राहिली, त्यामुळे त्याचा चेहरा हेमाला दिसत होता आणि बोलणंही थांबलं नाही. भांडायला तेवढी फट पुरते.

“काका, मी उचलते ना,” हेमा म्हणाली. “आत्ता उचलते. डोक्यावर घेऊन सगळ्या बंदरातून जाते.”

“तू टाकलेलीस? तू तेव्हा लंगडी खेळत होतीस.”

“बाबांचे गुडघे गेलेत.”

“जीभ गेली नाय ना? कालच देवळापाशी मला म्हणाला, बांडगूळ. गुडघे गेले तर सरपटत ये म्हणावं.”

आतून ॲनीकाकूचा आवाज आला, “अरे, पोरीला आत तरी बोलाव, पाणी तरी दे!” थॉमस म्हणाला, “पाणी खाडीत पुष्कळ हाय,” आणि वरची फळीही लागली.

हेमा ओट्यापाशी उभीच राहिली. ओट्याच्या वाशांना केळीच्या सोपटाच्या पट्ट्या वाळत लटकावल्या होत्या. ॲनीकाकू फुलांचे हार करून विकायची, तिच्याच असतील. ओट्याच्या कोपऱ्यात ती वळकटी होती. सतरंजीत गुंडाळलेली, सुंभाने आवळलेली. इतकी वर्षं ती तिथेच होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणूनच तिथे होती.

खारबंदर हे आमचं गाव घोडबंदर रोडच्या मागे, खाडीच्या काठाला आहे. रस्त्याच्या बाजूने बघाल तर नुसते मनोरे, मनोऱ्यांच्या मागे आम्ही, आणि आमच्या मागे पाणी. हेमाचा बाप पोपट हा ‘हरिनाम’ नावाच्या पडावाचा तांडेल, म्हणजे कप्तान. पडाव म्हणजे मालाची मोठी होडी, रुंद पोटाची, एका शिडावर चालणारी. मीठ, विटा, कौलं, गवताच्या गंज्या असलं सगळं या खाडीतून मुंबईपर्यंत शिडावर जायचं. मग ट्रक आले. पोपटने शीड उतरवून पडावाला इंजिन बसवलं आणि रेती काढली. मग रेतीही बंद झाली. तेव्हापासून ‘हरिनाम’ चिखलात कलंडून पडला होता आणि हेमा एका मनोऱ्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत होती.

यंदा बंदर खात्याने नवीन काढलं. पलीकडच्या वसईच्या अंगाची भाजी, केळी, फुलं टेम्पोतून येतात आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुपारपर्यंत कोमेजतात. जी होडी धूर न सोडता तो माल खाडीतून आणेल तिला नव्या धक्क्यावर कायमची जागा. हेमाने कॅन्टीन सोडलं. इंजिन काढून विकलं, त्यातून फळ्यांच्या फटी कापूस आणि राळेने भरून घेतल्या, ठाण्याला जाऊन कापड आणून शीड शिवून घेतलं. आता खात्यासमोर एकदा शिडावर जाऊन दाखवायचं होतं, एवढंच. दाखवलं तर जागा. नाही दाखवलं तर ती जागा काळुरामला. काळुरामची पार्टीची बोट तयारच होती, बॅटरीवर चालणारी, निळे दिवे लावलेली. त्याने हेमाला आधीच सांगून ठेवलं होतं, “तुझा पडाव मोडशील ना, तेव्हा ती डोलकाठी मला दे. हॉटेलच्या गेटला झेंडा लावीन. फळ्यांची टेबलं होतील.” हसत बोलला होता, पण माप घेऊन गेला होता.

शीड शिवलं म्हणजे झालं असं नसतं. डोलकाठी उभी असते. तिच्यावर परबाण चढतं, म्हणजे पडावाएवढीच लांब तिरकी काठी, आणि शीड त्या परबाणाला लावलेलं असतं. शीड सुटं ठेवून परबाण वर ओढायला गेलं तर अर्ध्यातच वारा भरतो आणि ओढणाऱ्या माणसांनाच उचलतो. म्हणून शीड आधी परबाणाला गुंडाळतात, जागोजाग केळीच्या सोपटाने बांधतात. सगळं गुंडाळलेलंच वर जातं. वर पोचलं की खालून दोराला एक हिसका द्यायचा. सोपटं पटापटा तुटतात आणि शीड उघडतं. ती गाठ अशी हवी की चढताना टिकली पाहिजे आणि हिसक्याला तुटली पाहिजे. खारबंदरात ती एकालाच यायची, थॉमसला. आणि थॉमस ‘हरिनाम’वर पाय ठेवत नव्हता.

“काय म्हणाला बांडगूळ?” हेमा घरी आल्या आल्या पोपटने विचारलं.

“वळकटी तुम्हीच उचलायची म्हणतात.”

“मरेपर्यंत नाय.”

“कोणाच्या मरेपर्यंत, तेवढं सांगा. म्हणजे मी खात्याच्या क्षिप्रा मॅडमना तारीख कळवते.”

पोपटला टोमणा लागला. मग तो परत तेच सांगू लागला, जे हेमाने लंगडी खेळायच्या वयापासून ऐकलं होतं. मिठाची खेप होती. गायमुखच्या डोंगरावरून वावटळ आली. पोपट सुकाणावर, थॉमस शिडाच्या दोरावर. पोपट ओरडला, “धर!” आणि थॉमसने कमरेचा कोयता काढून दोर कापला. शीड फाटून चिंध्या झाल्या, पडाव आडवा फिरला, लाटा आत आल्या आणि मीठ सगळं पाणी होऊन गेलं.

“वारा उतरत होता!” पोपट म्हणाला. “आणखी थोडं धरलं असतं तर मिठासकट धक्क्याला लागलो असतो. तांडेलाच्या शब्दावाचून दोर कापतो? दोर?”

थॉमसचं उत्तरही सगळ्या गावाला पाठ होतं. “कापला नसता तर मिठासकट आपणही विरघळलो असतो.”

त्याच संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर पोपटने थॉमसची वळकटी उचलून धक्क्यावर फेकली. पडावावरच्या माणसाला काढायची आमच्याकडे हीच रीत. तांडेल तोंडाने ‘जा’ म्हणत नाही. वळकटी बाहेर पडली की माणूस बाहेर. पुन्हा घ्यायचं झालं तर ज्याने फेकली त्याने स्वतः त्याच्या घरी जायचं, डोक्यावर घेऊन यायचं, पडावात ठेवायची. मधला मार्ग नाही. आणि वळकटीशिवाय आमचा माणूस पडावावर चढत नाही, मग पडाव बुडत का असेना.

नंतर दोघांनी एकमेकांना जगणं नकोसं करायचं एकही साधन सोडलं नाही. पोपटने थॉमसच्या कुंपणाला लागून उकिरडा केला. थॉमसने नाताळात मुद्दाम पोपटच्या खिडकीसमोर कंदील टांगला, रात्रभर झोप लागू नये असा. देवळात सप्ताह असला की पोपट कीर्तनाला बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहायचा. थॉमसलाही कीर्तनाचं वेड. त्याचा आवाज असा की पडावावर दोर ओढताना गाणं तोच सांगायचा, बाकीचे मागे धरायचे. पण पोपट आत आहे म्हणून तो मंडपात यायचा नाही. भिंतीबाहेर पिंपळाखाली बसून ऐकायचा, आणि पोपटचा टाळ जरा चुकला की मोठ्याने खोकायचा. बुवा निरूपणात क्षमेवर आले की सगळ्या मंडपाला हसू यायचं. बुवांना वाटायचं, आपलं काही चुकलं की काय.

“मी बांधतो शीड,” पोपट म्हणाला. “त्याच्या हाताला काय देव चिकटलाय? आणि त्याच्या गाठी कच्च्याच असायच्या. चढतानाच एखादी तुटायची. मी तेव्हाच सांगायचो.”

हेमाने बाजारातून सोपट आणलं. ओलं होतं, उन्हात टाकल्यावर कडक झालं. पोपटची बोटं आता वाकडी झाली आहेत. पट्टी हातात घेतली की मोडायची. दोन-चार मोडल्यावर त्याने सगळा ढीग लाथेने उडवला आणि जाळ्याची हिरवी नायलॉनची दोरी काढली.

“बाबा, ही तुटेल का हिसक्याने?” हेमाने विचारलं.

“बारीक हाय. तुटेल.”

“आणि नाही तुटली तर?”

“तू मला शिकव आता. चढताना एक जरी गाठ सुटली ना, तर तो तिथे धक्क्यावर उभा असेल. दात काढेल. मला ते नको.”

तो बांधत गेला. एका वेढ्यावर त्याचा विश्वास बसेना. प्रत्येक गाठीला त्याने दोन वेढे घेतले.

परीक्षेच्या दिवशी दुपारी धक्का भरून गेला होता. खात्याच्या क्षिप्रा मॅडम छत्री घेऊन आल्या होत्या. काळुराम त्यांच्यासाठी खुर्ची आणि शहाळं घेऊन उभा. भरतीचं पाणी काठोकाठ होतं, खाडीच्या तोंडाकडून वारा चालू झाला होता. थॉमस आलाच होता, धुतलेला शर्ट घालून, जसं लग्नाला यावं.

“पाणी उतरायच्या आत त्या तरंगत्या लाल बोयाला वळसा घालून परत यायचं,” मॅडमनी हेमाला सांगितलं. “पाणी उतरलं की मला ऐरोलीला जायचंय.”

“वळसा कसला मॅडम, पडाव जागचा हलला तरी बक्षीस द्या,” काळुराम म्हणाला.

हेमा सुकाणावर बसली. पोपट पुढे. दोरावर हेमाचा चुलतभाऊ विनीत आणि त्याचे पार्सल पोचवणारे चार मित्र होते. काठीने ढकलत ढकलत पडाव मधोमध गेला. पोरांनी दोर ओढला, कोणी ‘वन टू थ्री’ म्हणत, कोणी ‘गणपती बाप्पा’ म्हणत, कोणाचा कोणाला मेळ नाही. परबाण वाकडंतिकडं होत चढलं. एकही गाठ सुटली नाही. पोपटने धक्क्याकडे बघून मान ताठ केली.

“आता दे हिसका!”

विनीतने शिडाच्या दोराला हिसका दिला. काही झालं नाही. दोघांनी मिळून दिला. पाचही जण लोंबकळले. शीड वर तसंच गुंडाळलेलं, जागोजाग हिरव्या गाठी, एखाद्या लांबलचक उशीसारखं. दोर मात्र कडीपाशी तुटला आणि पोरं एकमेकांवर पडली.

धक्क्यावर हशा उठला.

“ओ तांडेल, मुंजीची मुंडावळ सोडायला विसरलात!” काळुराम ओरडला. “विड्यासारखं बांधलंय, आता खाऊन टाका!”

पडाव वाऱ्याने तिवरांच्या चिखलाकडे सरकू लागला होता. हेमाने नांगर टाकला. नांगर धरला आणि ‘हरिनाम’ खाडीच्या मधोमध उभा राहिला, सगळ्या गावाला नीट दिसेल असा.

थॉमस धक्क्याच्या अगदी टोकाला आला. तो हसत नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“नायलॉन!” तो इतक्या जोरात ओरडला की शहाळं सांडलं. “शिडाला नायलॉन! अरे मूर्खा, मढं बांधतात असं! तुला कोणी तांडेल केला रं?”

“तुझ्या बापाने!” पोपट पडावावरून ओरडला. ते खरंच होतं. आधीचा तांडेल थॉमसचा बापच होता, आणि मरताना त्याने सुकाण पोपटला दिलं होतं, स्वतःच्या मुलाला नाही. त्या गोष्टीवर दोघंही कधी बोलत नसत.

पोरांनी परबाण खाली उतरवलं. हेमाने सुरीने गाठी एकेक कापल्या. नायलॉन कापताना सुरी घसरून तिच्या अंगठ्याला लागली, तिने अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने कापत राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी तुम्हाला काकांकडे जा म्हणत नाही. तुम्ही नका जाऊ. पण मग आत्ताच घरी जाऊ या, आणि काळुरामला टेबलं करायला आत्ताच सांगू. मला उद्या परत येऊन तेच सांगायला लावू नका.”

पोपटने तिच्याकडे बघितलं. मग परबाणाकडे. मग पाण्याकडे. भरती टेकली होती, पाणी उभं होतं, अजून खाली सरकायला लागलं नव्हतं.

“होडी आण रे,” तो विनीतला म्हणाला.

लहान होडीतून तो धक्क्याला आला. पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात टेकत चढला. लोकांनी वाट दिली. तो थॉमससमोर उभा राहिला.

“कुठाय?”

“काय कुठाय?”

“नाटकं करू नको. वळकटी.”

“घरी. जिथे इतकी वर्षं पडलीय तिथे. चल.”

थॉमस पुढे, पोपट मागे. धक्क्यापासून क्रूसाच्या आळीपर्यंत सगळं खारबंदर दोन्ही बाजूंना उभं होतं. कोणीतरी मोबाईल वर धरला होता. पोपट कोणाकडे न बघता चालला. ओट्यापाशी आल्यावर थॉमसने नुसती हनुवटी हलवली. पोपट वाकला, वळकटीला हात घातला आणि तसाच थांबला.

“काय भरलंयस हिच्यात?”

“झोपायचं सामान.”

“झोपतोस कशावर, जात्यावर?”

“जमत नसेल तर ठेव खाली.”

ॲनीकाकू दारात आली. “थॉमस, मरेल तो! देवाला घाबर जरा!”

“तांडेल हाय, मरत नाय,” थॉमस म्हणाला. “पडावावर मला मारायला निघालेला, तेव्हा कोण नाय घाबरलं देवाला.”

पोपटने दात आवळले, वळकटी आधी गुडघ्यावर घेतली, मग खांद्यावर, मग डोक्यावर. ॲनीकाकूने टॉवेलची चुंबळ करून दिली. ती त्याने घेतली, थॉमसकडून काही घेतोय असं न दाखवता. परत जाताना त्याचा श्वास आळीभर ऐकू येत होता. देवळापुढे आल्यावर तो जरा थांबला. हात रिकामे नव्हते, म्हणून नुसतं मान वाकवल्यासारखं केलं, तेवढ्याने वळकटी पुढे कलली. मागून थॉमसने ती पडू नये म्हणून हात लावला आणि लगेच काढून घेतला.

“हात लावू नको,” पोपट म्हणाला.

“कोण लावतोय? माझं सामान खराब होईल म्हणून.”

धक्क्यावर काळुराम वाट बघतच होता. “ओ पोपटशेठ, हमालीचा काय दर लावलात?”

पोपट थांबला. वळकटी डोक्यावर, मान वळवता येईना, म्हणून तो अख्खाच त्याच्याकडे वळला. “तुझी वळकटी आण,” तो म्हणाला. “ती मी कधीच उचलणार नाय. कारण तुला आम्ही पडावावर घेतलाच नसता.”

आता धक्का काळुरामला हसला. क्षिप्रा मॅडमनी घड्याळाकडे न बघता पाण्याकडे बघितलं. धक्क्याच्या दगडावर ओला पट्टा दिसू लागला होता. पाणी उतरू लागलं होतं.

“मॅडम, अजून पाणी आहे,” हेमा पडावावरून ओरडली.

“मी बसलेय ना,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही तुमचं करा.”

लहान होडीतून दोघं पडावापाशी गेले. पोपटने वळकटी पडावाच्या पाटावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. फळ्या वाजल्या. मग थॉमस चढला. पडावाच्या काठाला हात लावून त्याने तो कपाळाला लावला आणि लगेच पोरांवर ओरडायला लागला, “हा दोर असा टाकतात? आईने घरात असं धुणं टाकलं तर बाप जेवेल का?”

तो खाली बसला आणि वळकटी सोडली. आत सतरंजी, सतरंजीत चादर, चादरीत एक काळा गुळगुळीत दगड. निरमाचा, म्हणजे रिकामा पडाव कलंडू नये म्हणून तळाला घालतात त्यांतला. इंजिन बसवलं तेव्हा पोपटने असले सगळे दगड काठावर फेकून दिले होते.

“दगड?” पोपटच्या मानेच्या शिरा अजून उडत होत्या. “माझ्या डोक्यावरून दगड आणलास?”

“मागल्या वेळी हलकी होती, तू फेकलीस,” थॉमस म्हणाला. “आता फेकून दाखव.”

पोपट काहीतरी फार वाईट बोलणार होता. पण थॉमसने चादरीचा दुसरा पदर उलगडला आणि त्यात सोपटाच्या पट्ट्या निघाल्या. एकसारख्या, सावलीत वाळवलेल्या, तेलाचा हात फिरवलेल्या. हेमाला त्या ओळखू आल्या. ओट्याच्या वाशांना लटकत होत्या त्याच.

“काका, या तर काकूच्या हारांच्या ना?”

पोपटने एक पट्टी उचलली, बोटाभोवती फिरवून बघितली, मग मनगटाभोवती. हाराला वीतभर पुरते. ही हातभर होती. आणि अशी सावलीत वाळायला किती दिवस लागतात ते त्याला माहीत होतं. हेमा विचारायला गेली त्याच्याही कितीतरी आधी कोणीतरी या चिरून वाशाला टांगल्या होत्या.

त्याने थॉमसकडे बघितलं.

“काय बघतोस?” थॉमस खेकसला. “घरी केळी हाय. सोपट वाळतंच. धर ते टोक.”

दोघं परबाणाच्या दोन अंगांना बसले. एक गुंडाळत गेला, दुसरा धरत गेला. एकमेकांना शिव्या देत होते, पण शिव्यांमध्येच ‘थोडं घट्ट’, ‘आता सोड’ असं चाललं होतं आणि हात थांबत नव्हते. थॉमस एकच वेढा घ्यायचा, टोक खोचायचा, पुढे सरकायचा.

“आता ओढा,” तो उठत म्हणाला. “आणि ते वन टू थ्री बंद. ते लिफ्टमध्ये बोला. मी सांगतो, तुम्ही मागे धरा. शेवटच्या शब्दाला ओढायचं.”

सगळे दोराला लागले. पोपटही लागला. थॉमसने घसा खाकरला आणि इतक्या वर्षांनी खाडीवर तो आवाज निघाला. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी बुवांनी पट्टी चढवावी तसा.

“हरिनामाला चढवा रेऽ”

“चढवा!”

“आभाळाला टेकवा रेऽ”

“टेकवा!”

परबाण सरळ उठलं. धक्क्यावरचे म्हातारे नकळत मागे धरू लागले. थॉमसने पोपटकडे तिरका डोळा टाकला आणि गाणं वळवलं.

“तांडेल आमचा म्हाताराऽ”

“म्हातारा!” पोरं हसत ओरडली.

“त्याला कळेना वाराऽ”

“वारा!”

शब्द धरला नाही तर ओढ चुकते, ओढ चुकली तर परबाण खाली येतं. पोपटच्या हातात दोर होता. तो दात खात, डोळे वटारत, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होता, “म्हातारा! वारा!” पुढे थॉमसने अजूनही बरंच काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोपटने ते सगळं मागे धरलं.

परबाण टोकाला पोचलं. नवा दोर लावून झाला होता. थॉमसने तो हातात घेतला, वाऱ्याची एक झुळूक जाऊ दिली आणि मनगटाने एकच हिसका दिला. वरून खालपर्यंत सोपटं तुटत आली, लाह्या फुटाव्यात तशी, आणि शीड उघडलं. पडावाने अंग टाकलं, नांगराचा दोर ताठ झाला.

“नांगर!” हेमा ओरडली. विनीतने नांगर ओढला आणि ‘हरिनाम’ निघाला.

लाल बोयापर्यंत पाण्याला चिरत गेला. धक्क्यावरचा आवाज मागे राहिला, मागचे मनोरे लहान झाले. वळसा घेताना शीड डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागतं, त्यात पोरांची तारांबळ उडाली, थॉमसने एकाच्या पाठीत गुद्दा घातला, पण झालं. वळून परत येताना गायमुखच्या डोंगराच्या अंगाने पाणी काळं झालं. वाऱ्याचा झोत येत होता. त्याच जागेवरून.

पडाव कलला. काठ पाण्याला टेकला. थॉमस दोरावर होता, पोपट त्याच्या पुढ्यात उभा. पोपटने तोंड उघडलं.

“सोडा, काका!” मागून सुकाणावरून हेमा ओरडली.

थॉमसने दोर सोडला नाही. तो पोपटकडे बघत राहिला. पाणी काठावरून आत आलं, पोरांचे पाय भिजले.

“बघतोस काय?” पोपट किंचाळला. “सुकाण तिच्या हातात हाय! ऐक तिचं!”

थॉमसने दोर ढिला सोडला. शीड फडफडलं, पडाव उठून बसला, झोत निघून गेला. त्याने दोर परत आवळला.

“कापू नको म्हणजे झालं,” पोपट म्हणाला.

“कोयता घरी ठेवून आलोय,” थॉमस म्हणाला. “मला माहीत होतं तू डोकं फिरवशील.”

धक्क्याला लागेपर्यंत पाणी शेवटच्या पायरीशी आलं होतं. क्षिप्रा मॅडम उठून उभ्या होत्या. “पाटी कुठल्या नावाने करायची?” त्यांनी विचारलं. हेमाने अंगठा परत तोंडात घातला होता, तो काढून ती म्हणाली, “हरिनाम.” काळुराम आपली खुर्ची उचलून निघाला होता. तेवढ्यात विनीतने त्याला हाक मारून विचारलं, “काका, डोलकाठीचं माप परत घ्यायचं का?”

लोक पडावाभोवती गोळा झाले. कोणीतरी नारळ आणला. थॉमसने शर्टाची बाही पिळली आणि तो वळकटीकडे गेला. वळकटीवर पोपट बसला होता.

“ऊठ.”

पोपट हलला नाही. तो गुडघा चोळत होता.

“ऊठ रं, माझं अंथरूण हाय.”

“मग अंथर,” पोपट म्हणाला. “उद्या पहाटेच्या भरतीला पलीकडून केळी आणायचीत. घरी जाऊन येशील, परत उशीर करशील. तुला उशिराची सवय हाय.”

थॉमसने पायाने सतरंजीतून डोकावणारा दगड हलवून बघितला.

“दगड तरी काढू दे.”

“राहू दे,” पोपट म्हणाला. “रिकामा पडाव हाय. निरम लागतं.”